खाडीपलीकडचं परीक्षा केंद्र

विद्यापीठानं आमच्या कॉलेजशेजारचं गाव दत्तक घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला सणकून राग आला. ज्या जमिनीवर कॉलेज उभं होतं ती त्याच गावाची भातशेती. महामंडळानं ती नव्या शहरासाठी घेतली, प्लॉट पाडले आणि त्यातला एक कॉलेजला दिला. आता कॉलेजनं गावाच्या वेशीवर पाटी लावली, 'दत्तक गाव'. ज्याच्या घरात आपण राहायला गेलो त्यालाच मांडीवर बसवून घेण्यातला हा प्रकार. मी स्टाफरूममध्ये तसं बोलूनही दाखवलं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, तो शब्द विद्यापीठाच्या परिपत्रकातला आहे, आपला नाही." त्यांचं सगळ्यालाच हे उत्तर असायचं.

मी अर्थशास्त्र शिकवायचे. सत्तरचं दशक सरताना आम्ही दोघं वाशीच्या नव्या वसाहतीत फ्लॅट घेऊन राहायला आलो. मी मूळची कोल्हापूरकडची, त्यामुळे माझा साधा आवाजही इतरांना भांडणाचा वाटायचा. नवरा म्हणायचा, "हळू बोल, नाहीतर खाली सोसायटीची मीटिंग भरेल." वसाहतीत तेव्हा सगळंच अर्धवट होतं. रस्ता होता तिथं दिवे नव्हते, दिवे होते तिथं घरं नव्हती. विद्यापीठ तेवढं पुरं आणि पक्कं होतं, पण ते खाडीच्या पलीकडे. मार्कशीटवर आडनाव चुकलं तरी पूल ओलांडून मानखुर्दला जायचं, पुढे गाडी पकडायची, खिडकीसमोर उभं राहायचं आणि 'उद्या या' ऐकून परत यायचं. माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांना विद्यापीठ म्हणजे एक बंद खिडकी, एवढंच माहीत होतं.

खाडीच्या अलीकडे येताना हे विद्यापीठ भाषणाच्या नाहीतर झाडूच्या रूपात यायचं. दरवर्षी शिबिर व्हायचं. आमची फ्लॅटमधली मुलं-मुली झाडू घेऊन गावातल्या गल्ल्या झाडायची आणि बायका ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत राहायच्या. एकदा एक म्हातारी मला म्हणाली, "बाय, ह्यो कचरा तुमच्या बिल्डिंगीचा हाय. वाऱ्यानं हितं येतो." मी तिला म्हटलं, हे तुम्ही आमच्या प्राचार्यांना सांगा. तिनं सांगितलंही असतं, पण प्राचार्य तेव्हा फोटोसाठी फावडं धरून उभे होते. मग कधी विद्यापीठाचे वक्ते यायचे. त्यांचा विषय ठरलेला, राष्ट्र उभारणीत युवकांचा वाटा. देवळासमोर सतरंज्या पडायच्या. गावकरी शेवटपर्यंत बसून ऐकायचे, टाळ्या वाजवायचे, आणि प्रश्न विचारा म्हटलं की दरवेळी कुणीतरी उठून एकच विचारायचं, "परीक्षा हितं कवा घेनार?"

पहिल्या दोन वर्षांच्या परीक्षा कॉलेजच घेत असे. तिसऱ्या वर्षाची, म्हणजे पदवीची परीक्षा विद्यापीठाची, आणि तिला आमचं केंद्र दादरला. मुलं कशीही जायची. मुलींचं घोडं मात्र तिथंच अडायचं. दोन वर्षं चांगले मार्क मिळवलेली मुलगी तिसऱ्या वर्षी फॉर्म भरायच्या वेळेला दिसेनाशी व्हायची. घरी गेलं की आई सांगायची, एवढं लांब कोन घेऊन जानार. एवढ्याशा कारणासाठी शिक्षण सोडायचं, म्हणून आधी मी त्या आयांवर चिडायचे. नंतर मी स्वतः एकदा त्या वेळेला पेपरासाठी निघाल्यासारखी निघून पाहिलं. पुलावर ट्रक बंद पडला होता. पोचेपर्यंत अर्धा पेपर झाला असता. त्यानंतर आयांवर चिडणं मी सोडून दिलं.

त्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात माझी एक विद्यार्थिनी होती, दत्तक गावातलीच. तिच्या गावातली कुठलीच मुलगी आजवर पदवीपर्यंत पोचली नव्हती. ती वर्गात फार बोलायची नाही, पण मागणी-पुरवठा शिकवताना मी चुकीचं उदाहरण दिलं की तिची भुवई वर जायची, आणि मी ते उदाहरण बदलायचे. बाप पूर्वी शेती करायचा. जमीन गेल्यावर कांदा-बटाट्याच्या मार्केटात हमालीला लागला. आई मासळी विकायची. दुसरं वर्ष संपल्यावर तिचं उरणकडच्या एका घरात लग्न झालं. आता ही गेली, असं मी धरूनच चालले होते. तर जूनमध्ये ती पुन्हा पहिल्या बाकावर. सासरच्यांनी वर्ष पुरं करायला माहेरी ठेवलं होतं. दिवाळीनंतर कळलं की तिला दिवस गेलेत आणि फेब्रुवारीत ती बाळंत होणार. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तर ठरलेलंच असतं. म्हणजे एप्रिलच्या परीक्षेला ती कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर असणार होती आणि कुशीत दोन महिन्यांचं मूल.

ती मला म्हणाली, "मॅडम, सेंटर हितं आलं तर मी देते परीक्षा. पेपरच्या आधी पाजीन आनि सुटल्यावर पाजीन. मधी आई हाय." तिनं सगळा हिशेब केलेला होता. तिला आता फक्त केंद्र हवं होतं. मीही कंबर कसली. केंद्रासाठीचा अर्ज कॉलेज दरवर्षी करायचं आणि विसरून जायचं. यंदा मी प्राचार्यांच्या इतकी मागे लागले की, या बाईंना एकदाचं काय ते मिळू दे, म्हणून त्यांनी विद्यापीठात खेटे घातले. शेवटी डिसेंबरात तीन जणांची समिती पाहणीला येणार असं कळलं.

समिती येणार म्हटल्यावर जे करतात ते सगळं आम्ही केलं. शेजारच्या शाळेतून बाकं आणली. प्रश्नपत्रिका ठेवायला लोखंडी कपाट आणलं, त्याला नवं कुलूप घातलं. हॉलमध्ये घड्याळ लावलं. मुतारीला चुना मारला. असं प्रत्येक कॉलेज करतं आणि प्रत्येक समितीला ते माहीत असतं. बाकं उसनी आहेत हे समितीच्या अध्यक्षांनाही पाहताक्षणी कळलं असणार, कारण त्यांवर शाळेचं नाव कोरलेलं होतं. ते बाकावरून बोट फिरवून हसले आणि पुढे गेले. हे अध्यक्ष मोठे नावाजलेले, सचोटीचे म्हणून ओळखले जाणारे. पांढरा सदरा, पांढरे केस, मोजकं बोलणं. मला ते आवडले होते, हेही सांगायला हवं. त्यांनी कपाट पाहिलं, पोलिस चौकी किती लांब आहे विचारलं, आणि जिना उतरताना म्हणाले, "तसं काही अडायचं कारण दिसत नाही." मला तिथल्या तिथं त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पण गावाला सत्कार करायचा होता. गावचे पुढारी आमच्या कॉलेजच्या व्यवस्थापन मंडळावर होते आणि बाहेरून गाडी आली की हार घालायचा, हा तिथला रिवाज. जमिनी मोजायला आलेल्या अधिकाऱ्यांनाही त्यांनी हार घातले होते म्हणे. तर शाली आल्या, श्रीफळं आली, ब्रास बँड आला. तिघांनाही शाल, श्रीफळ आणि फ्रेममधला गणपती. प्राचार्यांचं भाषण लांबलं, पुढाऱ्यांचं त्याहून लांबलं. मी घड्याळाकडे बघत मनातल्या मनात सगळ्यांचा उद्धार करत होते.

त्या गर्दीत तिचा बाप आला. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी, आणि दोन्ही हातांत केळीच्या पानांत गुंडाळलेलं लहान मुलाएवढं काहीतरी. तो जिताडा होता. आमच्या या पट्ट्यात जिताडा म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या कडेला तळी असतात, त्यांत हा मासा सोडतात आणि वर्षानुवर्षं वाढवतात. विकायला नाही. जावई पहिल्यांदा आला, लग्नाची बोलणी ठरली, मोठा पाहुणा आला की तो काढायचा. आणि खरं बोलायचं तर तलाठ्याकडे, मामलेदाराकडे काम असलं तरीही काढायचा. गावात सरळ म्हणायचे, जिताडा पोचला म्हणजे काम झालं. त्यांची तळी तोवर बहुतेक बुजली होती. याच्या घरामागचं एक तेवढं राहिलं होतं.

तो मला म्हणाला, "आमच्या पोरीसाठी येवढ्या लांबून आलाय ना सायब? त्याला मोकल्या हातानं कसा पाठवायचा?" समिती फक्त आपल्या मुलीसाठीच आली आहे, अशी त्याची पक्की समजूत होती. मी ती खोडली नाही, कारण माझ्या मनातही तसंच होतं. तो स्टेजच्या पायरीपर्यंत गेला. प्राचार्यांनी मासा पाहिला, वास त्यांच्यापर्यंत पोचला असावा, आणि त्यांनी हातानंच त्याला मागे सारलं. मी पायरीकडे निघाले तोवर पुढाऱ्यांनी मला आभार मानायला वर बोलावलं. खाली उतरून पाहिलं तर तो हात पुसत उभा होता. "गाडीच्या डिकीत ठेवला बर्फ घालून," म्हणाला. "डायव्हरला सांगितलं, सायबाच्या घरी दे." त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जणू पोरगी पासच झाली आहे. समितीची गाडी तोवर पुलाच्या रस्त्याला लागली होती.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. अध्यक्षांचा फोन आला होता. ज्या घरात माशाचा वास चालत नाही त्या घरी ड्रायव्हरनं बेल वाजवून एवढा थोरला जिताडा दिला होता. "आमिष," प्राचार्य म्हणाले, "त्यांनी आमिष हा शब्द वापरला, मॅडम. अहवालात आपल्यावर कडक शेरा मारणार होते, मी हातापाया पडून थांबवलं. पण केंद्र यंदा नाही." मी विचारलं, "तुम्ही त्यांना सांगितलंत का, की तुम्हीच तिच्या बापाला पायरीवरून हाकललंत म्हणून मासा डिकीत गेला?" प्राचार्य म्हणाले, "मॅडम, फोनवर मासा कसा समजावून सांगू?"

मग मीच गेले. विद्यापीठाच्या जुन्या दगडी इमारतीत एका बाकावर सकाळपासून बसले. समोरून माणसं फायली घेऊन जात होती आणि येत होती, आणि माझं डोकं तापत चाललं होतं. दुपारी अध्यक्षांनी आत बोलावलं. चहा सांगितला. अत्यंत सभ्य माणूस, हीच पंचाईत. उद्धट असते तर मला सोपं गेलं असतं.

"मी आयुष्यात कुणाकडून पेढ्याचा पुडासुद्धा घेतलेला नाही," ते म्हणाले.

"सर, तुम्ही शाल घेतलीत."

"तो सत्कार होता."

"त्यांच्याकडे जिताडा देणं हाच सत्कार असतो."

"मग तो चारचौघांत का दिला नाही? डिकीत लपवून का ठेवला?"

मी सगळं सांगितलं. पायरी, प्राचार्यांचा हात, बापाची समजूत. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, "मला एकच सांगा. काम व्हावं अशी त्याची इच्छा नव्हती?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्यांच्यासमोर खोटं बोलवेना. मी म्हटलं, "होती सर. का नसावी? त्याची जमीन गेली तेव्हाही त्यानं कुणाला तरी जिताडा दिलाच असेल. साहेबाला रिकाम्या हातानं भेटायचं नाही, एवढंच त्याला शिकवलंय. त्याला ते शिकवलं कुणी? आपल्यासारख्याच खुर्चीवर बसणाऱ्यांनी. तुम्ही उसनी बाकं पाहिलीत आणि हसलात. तो आमचा खोटेपणा तुम्हाला चालला, कारण तो तुमच्या ओळखीचा आहे. त्याचा खरेपणा चालला नाही, कारण त्याला वास येतो."

माझा आवाज नक्कीच चढला असणार, कारण बाहेरच्या शिपायानं दार ढकलून पाहिलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "केंद्र नाकारलेलं नाही," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी विचार होईल. तुमच्या विद्यार्थिनीला म्हणावं, ऑक्टोबरला बस." मी म्हटलं, ऑक्टोबरपर्यंत ती सासरी गेली असेल, उरणच्याही पलीकडे, तिथून तिला पुन्हा कोण सोडणार? "एका विद्यार्थिनीसाठी विद्यापीठाला नियम बदलता येत नाहीत," ते म्हणाले, आणि माझ्याकडे खरोखर वाईट वाटल्याच्या नजरेनं पाहिलं. त्या नजरेचा मला आजही राग येतो. एका माशासाठी मात्र नियम आठवला होता.

तिच्या बापाला मी काही सांगितलं नाही. यंदा उशीर झाला, एवढंच म्हटलं. तो म्हणाला, "होतं असं. सायब चांगला मानूस होता."

फेब्रुवारीत तिला मुलगा झाला. मला वाटलं, आता ती विषय सोडून देईल. पण मार्चमध्ये ती निरोप पाठवून माझ्याकडून नोट्स घेऊन गेली. आईनं मासळीची पाटी त्या दिवसांपुरती बंद ठेवायची आणि बाळाला घेऊन तिच्याबरोबर दादरला जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. पहिला पेपर माझा, अर्थशास्त्राचा. मला जाता आलं नाही. त्या आठवड्यात आमच्याकडे पहिल्या वर्षाची परीक्षा होती आणि मी हॉलमध्ये पर्यवेक्षक होते. उसनी बाकं अजून परत गेली नव्हती. त्यांवर बसून आमची मुलं पेपर लिहीत होती आणि मी रांगांमधून फेऱ्या मारत विद्यापीठाला शिव्या घालत होते.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई ओट्यावर बसून पाय चोळत होती. मला पाहून तिनं नुसती मान हलवली. आत ती पोराला मांडीवर घेऊन बसली होती, परीक्षेची साडी अजून अंगावर. मी विचारलं, पेपर कसा गेला? ती म्हणाली, सोपा होता. सगळं येत होतं.

मग हळूहळू तिनं सांगितलं. त्या घरून पहाटे निघाल्या. केंद्रावर आईला गेटच्या आत घेतलं नाही, तेव्हा ती बाळाला घेऊन भिंतीलगत फुटपाथवर बसली. हॉल पहिल्या मजल्यावर होता. तासभर ही लिहीत राहिली. मग खिडकीतून मूल रडल्याचा आवाज आला. थांबेल म्हणून तिनं दोन ओळी लिहिल्या. ते थांबेना. तिला पान्हा फुटला, पोलकं भिजलं, पदर ओढला तर तोही भिजला. बाजूला मुलगे बसले होते. तिनं पर्यवेक्षकांना विचारलं, खाली जाऊन येऊ का? ते म्हणाले, बाहेर गेलात तर आत येता येणार नाही. मूल रडतच होतं. तिनं पेपर देऊन टाकला आणि जिना उतरली.

"खाली गेले तर ह्यो आईच्या मांडीवर झोपला होता," ती म्हणाली. "गाढ. रडत होता तो शेजारच्या चाळीतला कोन तरी."

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली आणि मी तिला समजावायला लागले. एकच पेपर गेलाय, बाकीचे दे, राहिलेला ऑक्टोबरला देता येईल, तुझ्या सासूशी मी बोलेन, परवाच्या पेपराला मी रजा टाकून येते, मी बसते फुटपाथवर त्याला घेऊन. मी खूप वेळ बोलत होते. ती पोराच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपत ऐकत होती, आणि मी थांबल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं. वर्गात चुकीचं उदाहरण दिल्यावर पाहायची तसं नाही. अगदी शांतपणे, मीच लहान असल्यासारखं.

"परवा पन कोनाचा तरी रडंलच ना, मॅडम," ती म्हणाली. "आनि मी उठनारच."